फिक्या रंगातला पट्टा

सुरतेच्या लिंबायत वस्तीत धुडकू पाटलाला कुणी पाटील म्हणत नसे. खानदेशातून सुरतेला आलेल्या दर दुसऱ्या माणसाचं आडनाव पाटील, मग त्या आडनावाने हाक मारून कुणी कुणाला शोधायचं? त्याला सगळे 'मागेसर' म्हणायचे. हे नाव त्याला मिलमधल्यांनी दिलं आणि ते हळूहळू वस्तीत आलं, किराणावाल्यापर्यंत गेलं. भागीरथीला, म्हणजे त्याच्या बायकोला, ते अजिबात आवडत नसे. धुडकूला मात्र आवडायचं, कारण ते नाव त्याने मेहनतीने कमावलं होतं.

उधन्याकडच्या एका रंगाई मिलमध्ये तो फोल्डिंग खात्यात चेकर होता. रंगून, सुकून आलेला कापडाचा ताका लांबलचक टेबलावरून ओढायचा, दोष बघायचे आणि साफ ताक्यावर शिक्का मारायचा. दोष दिसला की ताका 'सेकंड'मध्ये. शिक्का बसला की ताका पुढे घडीला, मग गोदामात आणि तिथून बाजारात. काम ऐकायला सोपं वाटतं. करून बघावं म्हणजे कळेल.

धुडकू कापड दोनदा बघायचा. पहिल्यांदा नाक टेकेल इतक्या जवळून. तुटलेला धागा, गाठ, सुईच्या टोकाएवढा डाग, हे सगळं त्याला पटकन सापडे. मग तो टेबल सोडून मागे मागे सरकायचा, पाठीमागे न बघता, "मागे सरा, मागे सरा" असं ओरडत. मागे घडी घालणाऱ्या बाया आपापली पोटली घेऊन बाजूला पळायच्या. दूर जाऊन तो डोळे बारीक करून उभा राही आणि म्हणे, "पट्टा आहे. सेकंड."

नवख्या माणसाला वाटतं, दोष दिसत नसेल तर आणखी जवळ जावं. तिथेच सगळे फसतात. बदामी, मोतिया, पिस्ता असल्या फिक्या रंगात हातभर रुंदीचा पट्टा आला, तोही एखाद्या छटेने कमीजास्त, तर नाकापुढे धरल्यावर सगळं कापडच पट्टा होऊन बसतं. त्याच्या कडा नजरेत येतच नाहीत. लांब गेलं की तोच पट्टा डोळ्याला बोटाएवढा होतो आणि मग त्याला लपायला जागा उरत नाही. उलट बारीक धागा लांबून बघाल तर तो नाहीसा होतो. आणखी गंमत अशी, की त्याच पट्ट्यातून रुपयाएवढी चिंधी कापली आणि साफ जागेची तेवढीच चिंधी दुसऱ्या हातात धरली, तर भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही. लहान तुकड्यात फिका फरक मरून जातो. साडी होऊन बाईच्या अंगावर पसरला की तोच फरक भर लग्नात ओरडायला लागतो. बाजारातले व्यापारी चिंधी बघून माल घ्यायचे आणि ताका उघडल्यावर कपाळाला हात लावायचे. धुडकू शिकला होता ते एवढंच: प्रत्येक दोषाचं एक अंतर असतं, आणि त्या अंतरावर माणसाने स्वतः चालत जायचं असतं.

पारोळ्याजवळच्या गावातून तो मिसरूड फुटायच्या आत सुरतेला आला. आधी मागावर बसला. मागाच्या खडखडाटाने कान बसायला लागले तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने रंगाई मिलमध्ये शिरला, गाड्या ढकलल्या, मग टेबलावर आला. चौऱ्याण्णवला, प्लेगच्या साली, निम्मी सुरत रिकामी झाली तेव्हा तोही बायको-मुलीला घेऊन गावी गेला होता. परत आला तर खात्याच्या मास्तरने त्याचं टेबल कुणालाही दिलं नव्हतं. ही गोष्ट तो इतक्या वेळा सांगायचा, की त्याची मुलगी धनश्री त्याच्या आधीच शेवटचं वाक्य म्हणून मोकळी व्हायची.

आणि डोळ्यांचा तर त्याला केवढा तोरा! पन्नाशी जवळ आली तरी चष्मा नाही. भागीरथीची सुई तोच ओवून देई. गोळ्यांच्या पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरं तो शेजाऱ्यांना बोलावून वाचून दाखवायचा. मिलमध्ये एकदा डोळे तपासणारे आले, तेव्हा त्याने तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ एका दमात म्हटली आणि वर विचारलं, "आणखी खाली काही नाही का?"

त्यानंतरच्या वर्षात मिलने फोल्डिंग खात्यात काचेची केबिन बांधली. मास्तर जयंतीभाईंना बसायला जागा हवी होती, आणि ती नेमकी धुडकूच्या टेबलामागची निघाली. आता मागे चार पावलं सरकला की पाठ काचेला लागे. धुडकू कुरकुरला, दोन दिवस तोंड फुगवून फिरला, मग गप्प झाला. "मला काय, मी जवळूनसुद्धा बघीन," असं तो म्हणाला. त्या बोलण्यात घमेंड किती आणि खरं किती, हे त्यालाही माहीत नव्हतं.

थोड्याच दिवसांत बाजारातून माल परत यायला लागला. बदामी रंग, घडीघडीला पट्टा. आणि प्रत्येक ताक्यावर धुडकूचा शिक्का.

जयंतीभाई भला माणूस, पण परत आलेला माल बघून भल्या माणसाचंही डोकं फिरतं. ते आधी गोदामात गेले. तिथे त्यांना खिडकीजवळ एक वेगळी थप्पी सापडली, बदामी आणि पिस्ता रंगाच्या ताक्यांची. उघडून बघितलं तर सगळ्यांत पट्टे. खिडकीला पडदा नव्हता, दुपारी ऊन सरळ आत येत होतं. जयंतीभाईंनी तिथल्या तिथे निकाल लावला: ऊन लागून घडीवर रंग उडाला. शिक्का बसल्यानंतर माल खराब झाला, म्हणजे दोष गोदामवाल्याचा.

गोदामवाला होता उखा, भागीरथीचा धाकटा भाऊ. त्याला गावाहून आणला धुडकूने, चिकटवला धुडकूने. अबोल माणूस. दहा वाक्यं विचारली तर एकाचं उत्तर द्यायचा आणि तेही मानेने.

जयंतीभाईंनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "धुडकूभाई, तुमच्या टेबलावरून गेला तेव्हा माल कसा होता?"

"साफ होता," धुडकू म्हणाला.

"पक्कं?"

"माझ्या पोरीची शपथ. आणि माझे डोळे तुम्ही स्वतः तपासून घेतलेत."

यात तो खोटं बोलला नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्याने तो माल बघितला होता, नीट बघितला होता, आणि त्याला तो साफ दिसला होता. शपथेत कुठे लबाडी नव्हती.

जयंतीभाई उखाकडे वळले. "खिडकीजवळ थप्पी कोणी लावली?"

उखाने धुडकूकडे बघितलं. मग म्हणाला, "मीच लावली."

"का?"

संध्याकाळी त्याचा हिशोब झाला आणि तो कपडे खांद्यावर टाकून फाटकाबाहेर पडला. आठवड्याभरात कळलं की तो शहराबाहेर इच्छापोरला एका कारखान्यात ठेकेदाराकडे माल चढवायचं काम करतोय.

भागीरथी भांडली नाही. ती भांडली असती तर धुडकूला सोपं गेलं असतं. ती वेळेवर भाकरी वाढायची, वेळेवर पाणी द्यायची आणि त्याच्याशी कामापुरतंही बोलायची नाही. जे सांगायचं ते धनश्रीला सांगायची, धुडकू समोर बसलेला असताना. उखा दर रविवारी जेवायला यायचा, तो यायचा बंद झाला. धुडकू मनात म्हणायचा, मी काय चूक केली? साला आहे म्हणून खोटं बोलायचं का? चूक ती चूक. असं मनात रोज म्हणावं लागत होतं, यावरून त्याने काही ओळखायला हवं होतं.

ओळखण्यासारखं आणखीही एक होतं. उखा गेला, गोदामाच्या खिडकीला जाड पडदा लागला, नवा माणूस आला. आणि परत येणारा माल कमी व्हायच्या ऐवजी वाढला. जयंतीभाईंनी नव्या माणसाला झाडलं, दुसरी खिडकी खिळे मारून बंद केली, रंगखात्यात जाऊन आरडाओरड केली. धुडकूच्या टेबलाकडे मात्र कुणाचीच नजर वळली नाही. मागेसरच्या नजरेतून पट्टा सुटतो, हे कुणाच्या डोक्यातच येईना.

दिवाळी आली. खोलीची समोरची भिंत भागीरथी आणि धनश्रीने मिळून रंगवली, फिक्या पिवळ्या रंगात. वरचा भाग झाला आणि डबा संपला. दुसरा डबा आणला तो जरा वेगळा निघाला. खालची अर्धी भिंत एका छटेने गडद झाली. फार नाही, पण दारातून आत येणाऱ्याला पहिली तीच दिसायची. शेजारीण येऊन "हे असं का केलं?" विचारून गेली.

धुडकू कामावरून आला, पायातल्या चपला काढल्या आणि भिंतीजवळ गेला. हात मागे बांधून वरून खाली बघत चालला. "इथे ब्रशचा केस चिकटलाय," तो म्हणाला आणि नखाने तो केस काढून दाखवला. "बाकी छान झालंय. एकसारखा हात फिरलाय."

धनश्री हसली. तिला वाटलं, बाबा चेष्टा करताहेत. भागीरथी हसली नाही. तिच्या हातातलं ताट तसंच राहिलं. उखा गेल्यापासून पहिल्यांदा ती त्याच्याशी थेट बोलली, त्यांच्या खानदेशी बोलीत.

"तुमले हाई भीत एकच रंगनी दिखस का?"

"मंग? दोन रंगनी शे का?"

भागीरथीने ताट खाली ठेवलं. त्याचा हात धरून तिने तो भिंतीवर नेला, जिथे दोन रंग मिळत होते तिथे. "आठे वर एक शे, खाले दुसरा शे. देखा बरं."

धुडकूने बघितलं. जवळून बघितलं. मग सवयीने मागे सरकला. खोली लहान, पाठ दाराला लागली. दार उघडून तो ओट्यावर गेला, ओट्यावरून गल्लीत उतरला, समोरच्या घराच्या पायरीपर्यंत गेला. तिथून, दाराच्या चौकटीतून, त्याला भिंतीवर एक पुसटशी आडवी सीमा दिसली. खाली जरा गडद. दोन पावलं पुढे आला की गेली. तो पुन्हा मागे पायरीपाशी गेला.

दुसऱ्या दिवशी भागीरथीनेच त्याला धर्मादाय दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर अरुणा देवस्थळी मराठी होत्या, म्हणून लिंबायतचे बरेचजण त्यांच्याकडे जात. त्यांनी आधी नेहमीचा तक्ता दाखवला. धुडकूने शेवटची ओळ वाचली. थोडं धाडस आलं. तो म्हणाला, "बघा बाई, डोळे चांगलेच आहेत. घरचे उगाच घाबरतात."

डॉक्टरबाईंनी कामाचं विचारलं. त्याने टेबल, ताका, जवळून, लांबून, सगळं सांगितलं. आधी किती मागे जायचा आणि मग आणखी किती मागे जायला लागला होता, तेही सांगितलं. हे सांगताना त्याला स्वतःलाच पहिल्यांदा ऐकू आलं, की वर्षागणिक तो जास्त जास्त मागे जात होता. त्याला ती आपली हुशारी वाटली होती.

बाईंनी कपाटातून जाड कागदाची काही पानं काढली. प्रत्येक पानावर राखाडी उभे पट्टे. एका पानावर बारीक, दुसऱ्यावर त्याहून रुंद, असं करत करत शेवटच्यावर अगदी रुंद. प्रत्येक पानावर वरच्या टोकाला पट्टे इतके फिके, की असून नसल्यासारखे, आणि खाली येताना ते गडद होत जायचे. बाई पानावर कोरा कागद ठेवून तो हळूहळू खाली सरकवायच्या. पट्टा दिसला की 'दिसला' म्हणायचं.

धुडकूला हसूच आलं. आयुष्यभर पट्टेच शोधले, आणि परीक्षा पण पट्ट्यांचीच! बारीक पट्ट्यांचं पान आलं. "दिसला." पुढचं. "दिसला." मग रुंद पट्ट्यांचं पान आलं. कागद सरकत राहिला. पाव पान उघडं पडलं, अर्धं पडलं. धुडकू बघत होता. बाजूला बसलेल्या भागीरथीला ते केव्हाच दिसले होते. तिने पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. कागद जवळजवळ खालपर्यंत आला तेव्हा तो म्हणाला, "दिसला." आणि त्याच क्षणी बायकोकडे बघून त्याला समजलं की आपल्याला फार उशिरा दिसला.

"भाऊ," बाई म्हणाल्या, "तक्त्यावर अक्षरं कितीही लहान असली तरी ती काळी कुळकुळीत असतात, पांढऱ्यावर. ती वाचणं ही एक ताकद. फिक्यावर फिकं ओळखणं ही दुसरी, आणि तीसुद्धा मापामापाने वेगळी. बारीक पट्ट्याची वेगळी, रुंदाची वेगळी. कोणत्याही माणसाला मधल्या मापाचे पट्टे सगळ्यात सहज दिसतात. फार बारीक किंवा फार रुंद झाले की जास्त गडद असावे लागतात. तुमची रुंदाकडची बाजू गेलीय. लांब गेलं की रुंद पट्टा डोळ्यापुरता बारीक होतो, म्हणून तुमचं निभत होतं."

मग त्यांनी डोळ्यातला दाब मोजला. काचबिंदू होता, गुजराती शेजारी ज्याला झामर म्हणतात तो. औषधाच्या थेंबांनी आहे ते टिकेल. गेलं ते येणार नाही.

बाहेर पडल्यावर धुडकू बराच वेळ रिक्षाच बोलवेना. डोळे गेल्याचं त्याला वाईट वाटत होतं, वाटणारच. पण त्याहून मोठी एक गोष्ट छातीवर येऊन बसली होती. ताके साफ नव्हते. उन्हाने काही केलं नव्हतं. पोरीची शपथ घेऊन त्याने उखाची भाकरी काढून घेतली होती.

भागीरथी म्हणाली, "आते उखाकडे जा." एवढंच.

इच्छापोरला कारखान्याच्या फाटकाजवळ दुपारच्या सुट्टीत उखा सापडला. लिंबाखाली फडकं सोडून भाकरी खात होता. धुडकूला बघून तो उठायला लागला.

"दाजी, तुम्ही आठे?"

"बस, बस. जेव." धुडकू समोर उकिडवा बसला. वाटभर ठरवलेलं सगळं विसरला. "उखा, ताका साफ नव्हता. माले पट्टा दिखत नही."

उखाने घास गिळला. "माले माहीत शे," तो म्हणाला.

मग त्या अबोल माणसाने आयुष्यात पहिल्यांदा लांबलचक सांगितलं. केबिन झाल्यापासून शिक्का मारलेल्या मालात पट्टे येत होते. गोदामात ताके रचताना त्याला दिसायचे. असा ताका सापडला की तो खिडकीजवळ बाजूला ठेवायचा, बाजारात जाऊ द्यायचा नाही. संधी मिळाली की एकेक परत रंगखात्यात ढकलायचा. तो स्वतः मध्ये गावी गेला तेवढ्यात जे निसटले, तेच बाजारातून परत आले. थप्पी ऊन लागण्यासाठी नव्हती. ती धुडकूसाठी होती.

धुडकूला आधी राग आला, खरोखरचा. याने आपल्याला सांगितलं का नाही? हा कोण आपल्यावर उपकार करणारा? "केबिनमा का नही बोलना?" तो जवळजवळ ओरडला.

"काय बोलू?" उखा म्हणाला. "मन्हा दाजी आंधया व्हयी राहिना म्हनू? मास्तरसमोर?"

राग जिथल्या तिथे विझला आणि त्या जागी नुसती लाज उरली. धुडकूला वर बघवेना. समोर बसलेल्या माणसाने आपला रोजगार देऊन त्याचं नाव झाकलं होतं, आणि तो महिनोन्महिने त्याच्याच बहिणीच्या हातचं जेवत मनात 'चूक ती चूक' म्हणत होता.

उखाने अर्धी भाकरी त्याच्यापुढे केली. "सांगू नका, दाजी. तुम्ही सांगशात तं टेबल जाई. धनश्रीनं लगीन करनं शे. मन्हं काय, मी एकटा शे."

धुडकूने भाकरी घेतली, खाल्ली, आणि उखाला हो किंवा नाही काहीच न सांगता बस पकडली.

रात्रभर त्याने हिशोब करून पाहिला. गप्प राहता आलं असतं. आजारपणाचं सांगून टेबल सोडता आलं असतं, मान शाबूत राहिली असती, आणि हळूच उखासाठी शब्दही टाकता आला असता. तसं करावं असं त्याला फार वाटलं. सकाळी डबा घेताना तो भागीरथीला म्हणाला, "आज लवकर घरी येईन बहुतेक."

मिलमध्ये तो सरळ केबिनमध्ये गेला. "जयंतीभाई, माल इथूनच खराब गेला. पट्टे होते. मला दिसत नाहीत."

जयंतीभाई हसले. "धुडकूभाई, मस्करी ना करो." साल्याला परत घ्यायची ही युक्ती आहे, असं त्यांना वाटलं. त्यांनी तसं म्हटलंही. "तुमचे डोळे तर पास झालेत."

"परत आलेला ताका काढा," धुडकू म्हणाला.

बदामी ताका टेबलावर पसरला. घडीवाल्या बाया जमल्या, रंगखात्यातले दोघेतिघे आले. मागेसर काहीतरी करून दाखवणार म्हणून सगळे मजेत होते. धुडकूने कापडावर तळहात ठेवला.

"पट्टा इथे आहे?"

एक बाई हसली. त्याने हात सरकवला. "इथे?" आणखी सरकवला. "मग इथे?" पट्टा त्याच्या कोपराखालून, मनगटाजवळून, सगळ्यांना दिसत होता आणि धुडकू बोटं पसरून त्याच्या शेजारचं साफ कापड चाचपत होता. कुणीतरी म्हणालं, "राहू द्या हो, मागेसर." पण तो थांबला नाही. टेबलाच्या शेवटापर्यंत तसाच विचारत गेला, आणि शेवटी हात उचलून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. इतकी शरम त्याला जन्मात वाटली नव्हती, आणि तरी त्याला तिथून पळून जावंसं वाटत नव्हतं.

जयंतीभाईंनी चष्मा काढला. आवाज अगदी खाली आला होता. "केव्हापासून, धुडकूभाई?"

"मला कळलंच नाही," धुडकू म्हणाला. "उखाला बोलवा. त्याला ठाऊक आहे."